पावणेदोनची बस

उत्तर बरोबर आलं की कणक्कुमामांना संशय यायचा. चुकलं तर ते शांत असत. चुकीला कारण असतं, ते शोधून काढता येतं. बरोबर उत्तर काय, कुठूनही येतं, असं त्यांचं म्हणणं.

खरं नाव आबाजीराव. तमिळमध्ये कणक्कु म्हणजे गणित, आणि तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत घरात मराठी बोलणाऱ्यांच्याही तोंडी निम्मे शब्द तमिळ, म्हणून ते कणक्कुमामा. सरकारी शाळेत पाचवीपर्यंतचं गणित शिकवून ते निवृत्त झाले होते. बायको गेलेली, मुलगी होसूरला. संध्याकाळी पाच वाजता त्यांच्या तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, गल्लीतली मुलं वह्या घेऊन बसत. मामा प्लास्टिकच्या खुर्चीत. पांढरी वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं नेसलेलं धोतर, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला फिरवलेलं. मी एकदा विचारलं, असं उलटं का?

"माझी वेळ दुसऱ्यानं कशाला बघायची?"

मी समोरच्या घरात राहते आणि एका खाजगी इंग्रजी शाळेत पाचवीला गणित शिकवते. माझी आई सांगलीची, म्हणून मला देवनागरी लिहिता-वाचता येते. गल्लीत बहुतेकांना येत नाही. मामांनाही अडखळतच यायची. पण त्यांचं बोलणं जुन्या कागदावरच्या मराठीसारखं होतं. ते "कोठें" म्हणत, "तेव्हां" म्हणत, आणि मध्येच "सरी, सरी", म्हणजे ठीक, ठीक, म्हणून मान हलवत.

त्यांची पद्धत ठरलेली होती. शाब्दिक उदाहरण आलं की आधी आकड्यांना हात लावायचा नाही. पहिली पायरी: घरी सांग. म्हणजे इंग्रजीत किंवा तमिळमध्ये जे छापलंय ते आजीला सांगितल्यासारखं मराठीत सांगायचं. मग वहीत तीन ओळी. काय दिलंय. काय विचारलंय. काय लपवलंय. मग एका ओळीत एकच पायरी, दोन नाहीत. शेवटी उत्तर, आणि ते आपल्या गावात खरं वाटतं का ते बघायचं. नाही वाटलं तर खोडायचं नाही. खाली इंग्रजीत 'डाऊट' असं लिहायचं. सगळ्या शाळांत चालेल असा शब्द म्हणून इंग्रजी.

तिसऱ्या ओळीवर त्यांचा सगळा जीव. "सहा बायका एका शेताची लावणी दहा दिवसांत करतात, तर बारा बायका किती दिवसांत?" हे उदाहरण मी त्यांच्या तिण्णैवर कितीतरी वेळा ऐकलं.

"पाच दिवस, मामा!" कोणीतरी ओरडायचं.

"कोण म्हणतं?"

"बारा म्हणजे दुप्पट, म्हणून दिवस निम्मे."

"तू कधी बांधावर उभी राहिलीस? बारा बायका एका चिखलांत उतरल्या तर काय दुप्पट होतं?"

"बोलणं!"

"हं. मग पुस्तकवाल्यानं काय लपवलं?"

मुलं विचार करत. मग कोणीतरी म्हणे, "सगळ्या सारखंच काम करतात हे."

"तें लिही. तें धरून चाल. पण धरलंय हें विसरूं नको."

हे शिकवणं चांगलं होतं, हे मी तेव्हाही मान्य करत होते. मला ते आवडत होते असं मात्र नाही. त्याला कारण होतं. मी स्वतः दहा वर्षांची असताना त्यांच्याच वर्गात होते. एक उदाहरण मी तोंडी केलं आणि पाटीवर नुसतं उत्तर लिहिलं. उत्तर बरोबर होतं. मामांनी पाटी सगळ्या वर्गाला दाखवली. "हें उत्तर जिना न चढतां माडीवर गेलंय. कोणी उचलून नेलं?" आणि शून्य दिलं. शेजारच्या मुलीकडे बघितलं असणार, असंच त्यांनी धरलं. मी रडले नाही, पण विसरलेही नाही.

हा संशय ते फक्त मुलांवर वापरत नसत. एकदा त्यांना खोकला झाला. डॉक्टरांनी दहा गोळ्या दिल्या, दर आठ तासांनी एक, आणि म्हणाले की ऐंशी तासांत कोर्स संपेल. मामा उठेनात. बाहेर रांग लागलेली.

"ऐंशी कसे? पहिली गोळी आत्तां घेतली. मग मधल्या जागा नऊ. नऊ आठें बहात्तर."

"सर, आठ तासांनी काय फरक पडतो?"

"मला नाहीं पडत. तुमच्या बहात्तराला ऐंशी म्हणण्याला पडतो."

बाहेर येऊन त्यांनी रांगेतल्या प्रत्येकाला आपली चिठ्ठी बघून घ्यायला लावलं. डॉक्टर नंतर मला बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, "तुमचे मामा बरे आहेत ना? दुसऱ्या डॉक्टरकडे जातात ना?"

आता मुख्य गोष्ट. गेल्या सहामाहीची.

पाचवीचा गणिताचा पेपर माझ्याकडे होता. हाताने लिहिलेला पेपर बॅगेत घालून मी शाळेतून आले. गल्लीच्या कोपऱ्यावर मुरुंगक्कीरै, म्हणजे शेवग्याचा पाला, ताजा आला होता. नेहमीप्रमाणे बॅग मामांच्या तिण्णैवर ठेवली आणि पाला घ्यायला गेले. आमच्याकडे सगळ्याच जणी तसं करतात. तिण्णैवरून काही जात नाही. परत आले तर बॅगेची चेन अर्धी उघडी, आणि मामांच्या नाकावर चष्मा. ते चष्मा फक्त वाचायला लावत. हातात मात्र वाचायला काही नव्हतं. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण मला घाई होती. मी बॅग उचलून घरी आले.

चेन मी जाताना लावली होती का? आठवेना. मी विषय सोडून दिला.

परीक्षा झाली. पेपर तपासायला आमच्या शाळेत दुसऱ्या तुकडीच्या बाई असतात. आठ दिवसांनी प्रिन्सिपल मॅडमनी मला बोलावलं. टेबलावर नऊ उत्तरपत्रिका एकाखाली एक मांडलेल्या. सातवा प्रश्न. बस तंजावूरहून 'क्वार्टर टू टू'ला निघाली आणि तीन वाजता ओरत्तनाडुला पोचली, तर किती वेळ लागला? उत्तर सव्वा तास. नऊ मुलांनी लिहिलं होतं, पंधरा मिनिटं. आणि नवांच्याही उत्तराखाली एकच शब्द. डाऊट.

"चाळीस मुलांत नऊ," मॅडम म्हणाल्या. "चूक तीच, शब्दही तोच. नऊही वेगवेगळ्या बाकांवर. ही नऊ मुलं कुठली, सांगू?"

सांगायची गरज नव्हती. नावं माझ्या गल्लीतली होती. नऊही संध्याकाळी मामांच्या तिण्णैवर बसणारी.

"पेपर तुमच्या हातचा. ते सर तुमच्या समोर राहतात. कुणीतरी पाठ करून घेतलंय, आणि तेही चुकीचं. सोमवारी मला कमिटीपुढे हे ठेवायचंय. तोपर्यंत मला काही सांगायचं असेल तर सांगा. नाहीतर राजीनामा आणा, म्हणजे मला जास्त लिहावं लागणार नाही."

त्या वाईट बाई नाहीत. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. एकोणीस वर्षांची नोकरी. पेपर फोडणारी म्हणून गेले असते तर या गावात दुसऱ्या शाळेने दारात उभं केलं नसतं. मी त्या पानांचे फोटो मोबाईलवर काढून घेतले आणि टाउन बसने घरी आले. वाटेत मला उघडी चेन आणि तो चष्मा दिसत होता.

मी सरळ मामांच्या तिण्णैवर गेले. शिकवणी सुटली होती. शेवटची एक मुलगी, शेजारची जानकी, वही भरत होती. ती त्या नवांतलीच. मी मामांना विचारलं नाही. मोबाईल पुढे धरला आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. माणूस काय लपवतोय ते बघायचं, हे त्यांनीच शिकवलेलं.

त्यांनी चष्मा लावला. फोटो एकेक सरकवले. मग म्हणाले, "नवांनीं डाऊट लिहिलंय."

"हो."

"खोडलं कोणी नाहीं."

"मामा, माझी नोकरी जातेय."

"तें कळलं. गप्प बस." ते पुन्हा पहिल्या फोटोवर गेले. "पंधरा मिनिटांत ओरत्तनाडु. विमान गेलं तरी उतरायला वेळ लागतो. मुलांना तें दिसलं, म्हणून डाऊट. पण पंधरा आले कोठून?" त्यांनी पुटपुटत उलटं केलं. तीनमधून पंधरा मिनिटं मागे.

"जानकी, इकडं ये मा. क्वार्टर टू टू. घरी सांग."

"पावणेदोन," जानकी चटकन म्हणाली.

"बरोबर. आतां हातांचे कांटे कर. पावणेदोन दाखव."

जानकीने एक हात आखूड केला, एक लांब. लांब हात नवाकडे गेला. तो बरोबर होता. आखूड हात दोनाच्या पुढे, जवळजवळ तिनाला टेकला.

"किती वाजले?"

"पावणेदोन. रेंडे मुक्काल."

रेंडे मुक्काल म्हणजे तमिळमध्ये दोन आणि वर तीन चतुर्थांश. पावणेतीन.

मलाही तेव्हाच उलगडलं. तमिळमध्ये माणूस मागच्या आकड्यावर उभा राहून पुढे मोजतो: दोन वाजून वर मुक्काल. मराठीत पुढच्या आकड्यावर उभं राहून मागे बघतो: दोनाला पाव कमी. आमची मुलं मराठी शब्द आजीकडून घेतात आणि त्यांचा अर्थ तमिळमध्ये लावतात. पावणेदोन ऐकलं की त्यांना पाऊण ऐकू येतं आणि दोन ऐकू येतं, आणि ती दोन्हींची बेरीज करतात. महाराष्ट्रातलं मूल ही चूक करणार नाही. तमिळ मूलही नाही, ते मधल्या मराठी पायरीवर चढतच नाही. ही चूक फक्त आमच्या गल्लीत होऊ शकत होती, आणि ती पायरी मामांनी बांधलेली होती.

"ऐयो," मामा हळूच म्हणाले. मग जानकीला, "जा घरी. शाबास."

ती गेल्यावर मी म्हटलं, "तिला बरोबर काय ते सांगितलं नाहीत."

"सांगितलं नाहीं."

"का?"

"उद्यां लागेल."

मला तेही संशयास्पद वाटलं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ते माझ्याबरोबर शाळेत आले. इस्त्रीची वेष्टी, खिशात खडू. प्रिन्सिपल मॅडमपुढे त्यांनी तमिळमध्ये सगळं पायरी-पायरीने सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

"सर, छान आहे. पण तुम्ही काल मुलांना हे पाठ करून आणलं नसेल कशावरून?"

मला वाटलं आता मामा चिडणार. उलट त्यांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत त्यांना कोणीतरी नीट प्रश्न विचारला होता.

"हा डाऊट बरोबर आहे," ते म्हणाले. "म्हणून घड्याळातली वेळ तुम्ही निवडा. मुलांना एकेक करून तुम्हीच बोलवा. नवांबरोबर दुसरी पण नऊ बोलवा. मी आणि ही बाहेर गेटपाशी उभे राहतों. वॉचमनला आमच्यावर नजर ठेवायला सांगा."

आम्ही गेटपाशी उभे राहिलो. वॉचमनने खरोखरच आमच्याकडे बघत बसायचं काम केलं. ऊन चढत होतं. मी मनात हिशेब करत होते: बरोबर उत्तरं आली तर मी गेले. सगळी चुकली तर मॅडम म्हणणार पाठ केलंय, तरी मी गेले. सुटायला जागाच दिसत नव्हती.

अर्ध्या तासाने शिपाई बोलवायला आला. मॅडमपुढे अठरा चिठ्ठ्या होत्या. त्यांनी 'क्वार्टर टू नाईन' दिलं होतं, आकड्यांत लिहा म्हणून. दुसऱ्या नऊ मुलांचं बरोबर. आमच्या नवांतल्या आठांनी लिहिलं होतं नऊ पंचेचाळीस.

"आणि नववी?" मामांनी विचारलं.

"तिने आठ पंचेचाळीस लिहिलं. बरोबर. मी विचारलं, कसं काय? म्हणाली, आधी नऊ पंचेचाळीस लिहीत होते मिस, पण आजी रोज ओरडते पावणेनऊ झाले, व्हॅन आली. व्हॅन तर आठ पंचेचाळीसलाच येते." मॅडमनी चिठ्ठ्या गोळा केल्या. "हे कोणी पाठ करून घेऊ शकत नाही."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वर्ग तुमच्याकडेच राहील. सोमवारचं मी बघते." आणि मामांना, "पण सर, त्या मुलांना गणितात मराठी आणू नका. घोटाळा होतो."

"मराठीनं कांही केलं नाहीं, अम्मा," मामा म्हणाले. "मी केलं. काय लपवलंय, काय लपवलंय म्हणून रोज विचारतों. मुलांना पावणेदोन कळतं हें मीच धरून चाललों होतों. तें माझ्याच ओळींत लिहायचं राहिलं."

परतताना बसमध्ये ते खिडकीपाशी बसले होते. मग म्हणाले, "तुझा प्रश्न पण बरोबर नाहीं. ओरत्तनाडुला सव्वा तास कोठें लागतो? पाऊण तासांत जाते बस."

"मामा, आकडे सोपे यावेत म्हणून."

"हं. म्हणून." थोड्या वेळाने ते पुन्हा बोलले. "दिलेलं काय होतं तुला? चेन उघडी. चष्मा नाकावर. विचारलेलं काय? मामानं पेपर बघितला का."

मी मांडीवरच्या बॅगेच्या चेनकडे बघितलं.

"लपलेलं काय तें सांगूं? चेनचा एक दात तुटलाय. आपोआप उघडते. मी लावायला गेलों, लागेना, म्हणून चष्मा घालून बघितलं. सांगणार होतों, तर तूं बॅग ओढून गेलीस. संशय येणं चांगलं. पण तो खाली लिहायचा असतो. तूं मनांत ठेवलास."

"तुम्ही पेपर बघितला असता तर मुलांचं उत्तर बरोबर आलं असतं," मी म्हटलं. "एवढं साधं मला सुचलं नाही."

"सुचलं नाहीं," ते म्हणाले. मग एकदम, "त्या वेळीं तें उदाहरण तूं खरंच तोंडी केलं होतंस?"

पस्तीस वर्षांनी. मला वाटलं होतं ते विसरले असतील.

"हो."

"असेल," ते म्हणाले, आणि घड्याळ बघितलं.

माफी मी मागितली नाही. त्यांनीही नाही. आमच्या दोघांत ती पद्धत नव्हती. दुसऱ्या दिवसापासून तिण्णैवर मुलं 'घरी सांग' झाल्यावर उभी राहून हातांचे काटे करू लागली. रस्त्यावरून जाणाऱ्या ऑटोवाल्यांना ती कवायत वाटे.

मार्चमध्ये त्यांची मुलगी त्यांना होसूरला घेऊन गेली. गुडघे गेले होते. तिथून ते परत आले नाहीत. जूनमध्ये ते गेल्याचा तिचाच फोन आला. म्हणून मार्चमधली ती एक संध्याकाळ शेवटची ठरली.

वार्षिक परीक्षेचा पेपर तयार होता, माझ्या बॅगेत. सहामाहीनंतर मी तिण्णैवर बॅग ठेवणं बंद केलं होतं. बाजारात खांद्यालाच लावून जात असे. त्या दिवशी शाळेतून येताना मी थांबले. मामा एकटेच खुर्चीत होते. मी बॅग त्यांच्या शेजारी ठेवली. तीच बॅग. चेन मी अजून बदलली नव्हती.

"आंत काय आहे?" त्यांनी विचारलं.

"पेपर. पाचवीचा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, बॅगेकडे बघितलं. "सरी," म्हणाले.

मी पाला घेऊन परत येताना कोपऱ्यावरच थांबले. मामांनी खुर्ची तिण्णैच्या दुसऱ्या टोकाला नेली होती. दुखऱ्या गुडघ्यांनी ती कशी ओढली कोण जाणे. बॅगेकडे पाठ, तोंड भिंतीकडे. चष्मा काढून मांडीवर ठेवला होता, बाजूने जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा. आणि बॅगेच्या तोंडाला फुलवाल्या बांधतात तसा केळीच्या सोपटाचा दोर घट्ट गुंडाळून वर गाठ मारलेली होती.

मी जवळ गेले तरी ते वळले नाहीत.

"गाठ तशीच आहे का बघून घे," ते भिंतीला म्हणाले.

मी नीट बघितली. तशीच होती.